लोकसेवकांवरील रखडलेले फौजदारी खटले : न्यायालयांचे निर्देश काय सांगतात आणि कार्यकर्त्यांनी ते कसे वापरावेत

आपल्या वस्त्यांमधील बहुतेक कार्यकर्त्यांना एक अनुभव नवा नाही. कोठडीत मारहाण होते, ॲट्रॉसिटीची फिर्याद घ्यायला पोलीस टाळाटाळ करतात, घरकुलाच्या हप्त्यासाठी ग्रामसेवक पैसे मागतो. आंदोलन होते, निवेदने दिली जातात आणि शेवटी गुन्हा नोंदवला जातो. त्या दिवशी आपण पेढे वाटतो. मात्र खरी लढाई त्यानंतर सुरू होते. आरोपी सरकारी नोकर असेल तर मंजुरी, स्थगिती आणि तारखा यांत खटला वर्षानुवर्षे अडकतो. तोपर्यंत फिर्यादी थकतो, साक्षीदार गाव सोडतो, आरोपी बढती घेऊन निवृत्तही होतो.

हा विलंब कमी करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने गेल्या चार दशकांत अनेक निर्देश दिले. त्यातले काही आजही बंधनकारक आहेत, तर काही नंतरच्या निकालांनी रद्द झाले. कोणता निर्देश जिवंत आहे आणि कोणता नाही, हे ठाऊक नसल्यामुळे अनेकदा आपले अर्ज पहिल्याच तारखेला फेटाळले जातात. तरुण कार्यकर्त्यांना आणि नव्या वकिलांना हाताशी ठेवता यावी, म्हणून आम्ही ही माहिती एकत्र मांडत आहोत.

लोकसेवक म्हणजे कोण?

लोकसेवकाची व्याख्या पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २१ मध्ये होती. आता ती भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम २(२८) मध्ये आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ मधील व्याख्या यापेक्षा व्यापक आहे. सार्वजनिक कर्तव्य बजावणारी कोणतीही व्यक्ती तिच्यात येते. त्यामुळे तलाठी, पोलीस शिपाई, महापालिकेचा अभियंता आणि सरकारी डॉक्टर यांच्यासोबत निवडून आलेले पदाधिकारीही या कायद्याच्या कक्षेत आहेत. आमदार हा दंड संहितेच्या कलम २१ खाली लोकसेवक ठरत नाही, असे १९८४ च्या अंतुले प्रकरणात म्हटले गेले होते. पुढे १९९८ च्या पी. व्ही. नरसिंह राव प्रकरणात, १९८८ च्या कायद्यासाठी खासदार लोकसेवक आहेत हे स्पष्ट झाले.

अंतुले प्रकरणाचा धडा

या विषयाची सुरुवात महाराष्ट्रातूनच करावी लागते. सिमेंट वाटप आणि त्याबदल्यात घेतलेल्या देणग्यांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. रामदास नायक यांनी त्यांच्याविरुद्ध फौजदारी तक्रार केली होती. फेब्रुवारी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने खटला लवकर संपावा म्हणून तो विशेष न्यायाधीशाकडून काढून मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींकडे सोपवला आणि शक्यतो रोजच्या रोज चालवण्यास सांगितले.

हेतू चांगला होता, पण १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने हा आदेशच चुकीचा ठरवला. कायद्यानुसार असा खटला विशेष न्यायाधीशानेच चालवायला हवा होता. उच्च न्यायालयात खटला नेल्यामुळे आरोपीचा अपिलाचा एक टप्पा हिरावला जात होता. घाईने काढलेल्या या वाटेमुळे खटल्याची चार वर्षे वाया गेली.

याच प्रकरणात पुढे पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने डिसेंबर १९९१ मध्ये जो निकाल दिला, तो आजही जलद खटल्याच्या हक्काचा पाया मानला जातो. त्यातील मुख्य मुद्दे असे :

- जलद खटल्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ मधून येतो. तो तपास, चौकशी, खटला, अपील, पुनरीक्षण आणि फेरखटला अशा सर्व टप्प्यांना लागू आहे.
- हा आरोपीचा हक्क आहेच, पण खटला लवकर संपण्यात समाजाचेही हित आहे.
- विलंबाला जबाबदार कोण, हे प्रत्येक प्रकरणात पाहिले पाहिजे. आरोपीने स्वतः लांबवलेल्या काळाचा फायदा त्याला घेता येणार नाही.
- सर्व खटल्यांसाठी एकच कालमर्यादा ठरवता येत नाही.
- विलंब झाला म्हणून खटला रद्दच केला पाहिजे असे नाही. ठराविक मुदतीत तो संपवण्याचा आदेशही न्यायालय देऊ शकते.

शेवटचा मुद्दा आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. विलंबाचे कारण दाखवून आरोपी अधिकारी खटलाच रद्द करून मागतो, तेव्हा खटला रद्द करण्याऐवजी तो लवकर संपवा, हे उत्तर याच निकालातून देता येते.

मुदत संपली म्हणून आरोपी सुटतो का?

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्वोच्च न्यायालयाने कॉमन कॉज (१९९६) आणि राजदेव शर्मा (१९९८ व १९९९) या प्रकरणांत ठोस मुदती घालून दिल्या. ठराविक वर्षांत साक्षीपुरावा झाला नाही तर सरकार पक्षाचा पुरावा बंद करायचा, काही खटल्यांत आरोपीला सोडून द्यायचे, असे त्यांचे स्वरूप होते. राजदेव शर्मा प्रकरण स्वतःच एका लोकसेवकाच्या बेहिशेबी मालमत्तेचे होते. गरीब कच्चे कैदी सुटावेत हा मूळ विचार होता, पण मुदतीचा आधार घेऊन सुटण्याची वाट प्रभावशाली आरोपींनाही मिळाली.

एप्रिल २००२ मध्ये पी. रामचंद्र राव विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ही वाट बंद केली. हा आरोपी मंगळूर महापालिकेतील विद्युत विभागाचा अधीक्षक होता आणि त्याच्यावर बेहिशेबी मालमत्तेचा आरोप होता. दोन वर्षांत खटला सुरू झाला नाही म्हणून विशेष न्यायाधीशाने त्याला निर्दोष सोडले होते. अशा सरसकट मुदती ठरवणे म्हणजे कायदा बनवणे होईल आणि ते न्यायालयाचे काम नाही, असे पीठाने सांगितले. केवळ घड्याळाकडे पाहून खटला संपवता येणार नाही आणि अंतुले निकालातील निकषच लागू राहतील, असेही स्पष्ट केले.

आजही काही ठिकाणी आरोपीचे वकील १९९६ आणि १९९८ च्या निकालांचा हवाला देतात. त्याला उत्तर म्हणून २००२ चा हा निकाल दाखवावा.

पहिला अडथळा : मंजुरी

लोकसेवकावर खटला चालवण्यासाठी अनेकदा सरकारची पूर्वमंजुरी लागते. भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यांसाठी १९८८ च्या कायद्याचे कलम १९ लागू होते. इतर गुन्ह्यांसाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १९७ होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चे कलम २१८ आहे. प्रामाणिक अधिकाऱ्याला खोट्या खटल्यांपासून संरक्षण देणे हा या तरतुदींचा हेतू आहे. प्रत्यक्षात मंत्रालयात फाइल पडून राहते आणि तेच संरक्षण गुन्हेगाराची ढाल बनते.

याबद्दल न्यायालयांनी आणि कायद्याने काय म्हटले आहे ते क्रमाने पाहू.

विनीत नारायण प्रकरणात (डिसेंबर १९९७) सर्वोच्च न्यायालयाने मंजुरीचा निर्णय ३ महिन्यांत घ्यावा, कायदेशीर सल्ल्यासाठी आणखी १ महिना मिळेल, असे सांगितले. सुब्रमण्यम स्वामी विरुद्ध मनमोहन सिंग (जानेवारी २०१२) या टू-जी घोटाळ्याशी जोडलेल्या निकालात हीच मुदत पुन्हा अधोरेखित झाली. २०१८ च्या दुरुस्तीने ती थेट कलम १९ मध्ये आली. विजय राजमोहन विरुद्ध सीबीआय (ऑक्टोबर २०२२) या निकालाने ३ अधिक १ महिन्याची मुदत बंधनकारक असल्याचे सांगितले. मुदत उलटली म्हणून खटला आपोआप रद्द होत नाही, पण मुदत न पाळणारा मंजुरी अधिकारी उत्तरदायी ठरतो आणि त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ ने यापुढचे पाऊल टाकले आहे. मंजुरीची मागणी मिळाल्यापासून १२० दिवसांत सरकारने निर्णय घेतला नाही, तर मंजुरी दिली असे मानले जाते. म्हणून तपास अधिकाऱ्याने मंजुरीचा प्रस्ताव कोणत्या तारखेला पाठवला, हे माहिती अधिकारात विचारून ठेवले पाहिजे. ती एक तारीख हाती असली की पुढचे १२० दिवस आपल्याला मोजता येतात.

दोन गोष्टी आणखी लक्षात ठेवाव्यात. कलम २१८ चे मूळ संरक्षण ज्यांना पदावरून काढण्यासाठी सरकारची मंजुरी लागते अशाच लोकसेवकांना आहे, सर्व कर्मचाऱ्यांना नाही. सुव्यवस्था राखणाऱ्या दलांसाठी मात्र सरकार अधिसूचनेद्वारे ते वाढवू शकते. तसेच हे संरक्षण कर्तव्याशी संबंधित कृत्यापुरते आहे. लाच घेणे किंवा कोठडीतील माणसाला बेदम मारणे हे कर्तव्य नव्हे, हा युक्तिवाद प्रत्येक प्रकरणात आग्रहाने मांडावा लागतो.

दुसरा अडथळा : स्थगिती

मंजुरी मिळाली, दोषारोपपत्र दाखल झाले की आरोपी वरच्या न्यायालयात जातो. तिथे एकदा स्थगिती मिळाली की खालचा खटला थंड पडतो.

भ्रष्टाचाराच्या खटल्यांबाबत कायदा कडक आहे. कलम १९(३)(क) नुसार या कायद्याखालील कार्यवाहीला इतर कोणत्याही कारणावरून स्थगिती देता येत नाही. सत्यनारायण शर्मा विरुद्ध राजस्थान राज्य (२००१) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना याची आठवण करून दिली. इम्तियाज अहमद विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (२०१२) प्रकरणात गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यांना स्थगिती क्वचितच द्यावी आणि दिलीच तर ते प्रकरण लवकर निकाली काढावे, असे सांगितले.

मार्च २०१८ मध्ये एशियन रिसरफेसिंग प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. स्थगिती ६ महिन्यांनी आपोआप संपेल, ती वाढवायची तर कारणांसह आदेश लागेल, असा तो निकाल होता. अनेक रखडलेले खटले या आधारे पुन्हा सुरू झाले. पण २९ फेब्रुवारी २०२४ रोजी हायकोर्ट बार असोसिएशन, अलाहाबाद विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निकाल रद्द केला. आता स्थगिती आपोआप उठत नाही. ती उठवण्यासाठी त्याच न्यायालयात अर्ज करावा लागतो.

याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. दुसऱ्या न्यायालयातील खटला अमुक महिन्यांत संपवा, असे आदेश घटनात्मक न्यायालयांनी नेहमीच्या रीतीने देऊ नयेत. अपवादात्मक परिस्थितीतच तसे करावे. कोणता खटला आधी घ्यायचा हे त्या त्या न्यायालयाला अधिक चांगले कळते, असे त्यामागचे कारण आहे. त्यामुळे उच्च न्यायालयात जाऊन नुसते ‘खटला ६ महिन्यांत संपवा’ एवढेच मागून आता भागणार नाही. आपले प्रकरण अपवादात्मक का आहे, हे दाखवावे लागेल. फिर्यादीचे वय आणि आजारपण, साक्षीदारांना आलेल्या धमक्या, आरोपीचे पद, आजवर किती तारखा कोणाच्या कारणाने वाया गेल्या, हे सारे कागदावर असले पाहिजे.

तिसरा अडथळा : तारखा आणि फितूर होणारे साक्षीदार

खटला एकदा सुरू झाला की तो रोजच्या रोज चालवावा, हा नियम नवा नाही. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०९ मध्ये होता, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४६ मध्ये आहे. आवाक्याबाहेरच्या कारणासाठीही एका पक्षाला दोनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत, असे हे कलम सांगते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४(४) नुसार खटला दाखल झाल्यापासून २ वर्षांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा. तो संपला नाही तर न्यायाधीशांनी कारणे लिहून ठेवावीत. एका वेळी ६ महिन्यांपेक्षा जास्त मुदतवाढ नाही आणि एकूण काळ साधारणपणे ४ वर्षांच्या पुढे जाऊ नये.

विलंबाने पुराव्याचे काय होते, हे विनोदकुमार विरुद्ध पंजाब राज्य (जानेवारी २०१५) या निकालात दिसते. लाचेच्या सापळ्याच्या या खटल्यात एका साक्षीदाराची सरतपासणी सप्टेंबर १९९९ मध्ये झाली आणि उलटतपासणी मे २००१ मध्ये. मधल्या २० महिन्यांत तो फिरला होता. सर्वोच्च न्यायालयाने यावर तीव्र नाराजी व्यक्त केली. शक्यतो सरतपासणीच्याच दिवशी किंवा लगेच दुसऱ्या दिवशी उलटतपासणी पूर्ण व्हावी, असे बजावले. साक्षीच्या दिवशी आरोपीचा वकील तारीख मागत असेल, तर सरकारी वकिलांच्या हाती हा निकाल असायला हवा.

तक्रारदार मरण पावला किंवा फितूर झाला तरी लाचेचा खटला लगेच कोसळत नाही, हेही कार्यकर्त्यांनी जाणून घ्यावे. नीरज दत्ता प्रकरणात (डिसेंबर २०२२) घटनापीठाने सांगितले की इतर साक्षीदार किंवा परिस्थितिजन्य पुराव्यावरूनही लाचेची मागणी सिद्ध करता येते.

साक्षीदारांच्या संरक्षणासाठी महेंदर चावला प्रकरणात (डिसेंबर २०१८) सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. महाराष्ट्रात २०१७ चा साक्षीदार संरक्षणाचा कायदाही आहे. धमकी येताच लेखी अर्ज करावा. निकालानंतर सांगितलेल्या धमकीचा खटल्याला काही उपयोग होत नाही.

आमदार-खासदारांचे खटले

मार्च २०१४ मध्ये पब्लिक इंटरेस्ट फाउंडेशन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ मधील गुन्ह्यांसाठी विद्यमान आमदार-खासदारांवरील खटले आरोप निश्चित झाल्यापासून १ वर्षात संपवावेत. ते शक्य नसेल तर न्यायाधीशांनी कारणांसह उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना अहवाल द्यावा. पुढे अश्विनीकुमार उपाध्याय प्रकरणात २०१७ पासून विशेष न्यायालये स्थापण्याचे आदेश झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच प्रकरणात, उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय लोकप्रतिनिधींवरील खटले मागे घेऊ नयेत, असा आदेश झाला.

९ नोव्हेंबर २०२३ च्या निकालात प्रत्येक उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण दाखल करून या खटल्यांवर देखरेख ठेवावी, असे ठरले. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना पहिले प्राधान्य, ५ वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना दुसरे आणि बाकीचे त्यानंतर, असा क्रम दिला. अगदी अपवादात्मक कारणाशिवाय तारीख देऊ नये, असेही सांगितले.

कोठडी मृत्यू किंवा ॲट्रॉसिटीतील पोलिसांवरील खटल्यांसाठी अशी देखरेखीची व्यवस्था सर्वोच्च न्यायालयाने आखून दिलेली नाही. लोकप्रतिनिधींसाठी जे शक्य झाले ते गणवेशातील आरोपींसाठीही करा, ही मागणी चळवळीने ठोसपणे मांडली पाहिजे.

ॲट्रॉसिटी कायद्यातील हत्यारे

अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ मध्ये लोकसेवकांसाठी वेगळी तरतूद आहे. कलम ४ नुसार अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या लोकसेवकाने या कायद्याखालील कर्तव्यात जाणीवपूर्वक कसूर केल्यास ६ महिने ते १ वर्षाची शिक्षा आहे. फिर्याद न नोंदवणे, जबाब वाचून न दाखवणे, ६० दिवसांत दोषारोपपत्र न पाठवणे हे सर्व त्यात येते. मात्र प्रशासकीय चौकशीच्या शिफारशीनंतरच असा आरोप ठेवता येतो आणि बहुतेक प्रकरणे इथेच अडतात. म्हणून फिर्याद नाकारली जाताच पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करावी आणि कलम ४ खाली चौकशीची मागणी त्याच अर्जात करावी. कलम ३(२)(७) नुसार लोकसेवकाने स्वतःच या कायद्याखालील अत्याचार केला, तर किमान शिक्षा १ वर्षाची आहे.

कलम १४ नुसार विशेष न्यायालयात खटला रोजच्या रोज चालावा आणि शक्यतो दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून २ महिन्यांत संपावा. कलम १५-अ ने पीडितांना प्रत्येक कार्यवाहीची वेळेवर सूचना मिळण्याचा, जामीन, दोषमुक्ती आणि शिक्षेच्या वेळी आपले म्हणणे मांडण्याचा हक्क दिला आहे. हरिराम भांभी विरुद्ध सत्यनारायण (२०२१) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही सूचना अनिवार्य ठरवली. याच कलमात कार्यवाहीच्या चित्रीकरणाचीही तरतूद आहे.

नियम १६ खाली मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्यस्तरीय समितीची वर्षातून किमान दोनदा, तर नियम १७ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीची दर ३ महिन्यांनी बैठक व्हायला हवी. रखडलेल्या खटल्यांचा आढावा घेणे हे या समितीचे काम आहे. आपल्या जिल्ह्यात शेवटची बैठक कधी झाली, इथून सुरुवात करता येईल.

बौद्ध तरुणांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. ‘तुम्ही बौद्ध आहात, तुम्हाला ॲट्रॉसिटी लागत नाही’ असे ठाण्यात कोणी म्हणाले, तर ते चुकीचे आहे.

आपल्या समोरची उदाहरणे

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधासाठी जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि १० जणांचा बळी गेला. न्या. गुंडेवार आयोगाने गोळीबार अनावश्यक ठरवला आणि आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकावर ठपका ठेवला. तरीही सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली ती मे २००९ मध्ये, म्हणजे जवळजवळ १२ वर्षांनी. त्यानंतर उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. १९९७ मध्ये कडेवर असलेली मुले या निकालापर्यंत शाळेच्या वरच्या वर्गात पोहोचली होती.

उत्तर प्रदेशातील हाशिमपुरा प्रकरणाला यापेक्षाही जास्त काळ लागला. मे १९८७ मध्ये प्रांतीय सशस्त्र दलाच्या जवानांनी मुस्लिम तरुणांना उचलून नेऊन ठार मारले. दोषारोपपत्र १९९६ मध्ये आले. गाझियाबादच्या न्यायालयाने वॉरंटमागून वॉरंट काढली, तरी नोकरीत असलेले आरोपी हजर होत नव्हते. पीडितांच्या मागणीवरून सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये खटला दिल्लीला हलवला. २०१५ मध्ये सर्व सुटले आणि अखेर ऑक्टोबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने १६ जणांना जन्मठेप दिली. या लढ्यात खटला दुसऱ्या राज्यात हलवून घेणे हा निर्णायक टप्पा ठरला. स्थानिक दबाव असेल तिथे ही मागणी लवकर करावी.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि त्यानंतरच्या धरपकडीत अटक झालेल्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांवर गुन्हा नोंदवण्यासाठी कुटुंबाला औरंगाबाद खंडपीठात जावे लागले. जुलै २०२५ मध्ये तसा आदेश झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. अशा प्रकरणांत मंजुरी, स्थगिती आणि तारखा हे तिन्ही अडथळे गुन्हा नोंदवल्यानंतर पुढे उभे राहतात. त्यांची तयारी पहिल्या महिन्यापासून करावी लागते.

कार्यकर्त्यांनी करायची कामे

१. खटल्याची वही ठेवा. प्रत्येक तारीख, न्यायाधीश हजर होते का, तारीख कोणी मागितली, कोणत्या कारणाने मिळाली, हे लिहा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सीएनआर क्रमांक टाकला की तारखांचा इतिहास मिळतो. विलंबाला कोण जबाबदार, हा अंतुले निकालातील प्रश्न या वहीतूनच सुटतो.

२. तपासाची प्रगती विचारा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार पोलिसांनी ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला प्रगती कळवली पाहिजे.

३. मंजुरीच्या प्रस्तावाची तारीख माहिती अधिकारात मिळवा. मुदत उलटताच आधी लेखी स्मरणपत्र द्या, मग उच्च न्यायालयात जा.

४. स्थगिती असेल तर ती उठवण्याचा अर्ज करा. ती आपोआप उठेल या भरवशावर राहू नका.

५. आधी त्याच खटल्याच्या न्यायालयात प्राधान्याने सुनावणीचा अर्ज करा. तो नाकारला गेला तर उच्च न्यायालयात जाण्याला वजन येते.

६. सरकार खटला मागे घेत असेल तर सावध राहा. कलम ३६० नुसार पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय न्यायालयाने परवानगी देऊ नये.

७. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ॲट्रॉसिटीच्या खटल्यात पसंतीचा विशेष वकील नेमण्याची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते.

८. खातेनिहाय चौकशी फौजदारी खटल्यासाठी थांबलीच पाहिजे असे नाही. कॅप्टन पॉल अँथनी प्रकरणात (१९९९) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खटला रेंगाळत असेल तर थांबवलेली चौकशीही पुन्हा सुरू करता येते.

आरोपी आपल्यातला असेल तेव्हा

आरक्षणामुळे आपल्या समाजातले हजारो तरुण सरकारी सेवेत आले. त्यांपैकी काही जण द्वेषातून रचलेल्या तक्रारींतही अडकतात. अशा कर्मचाऱ्यासाठी विलंब हीच शिक्षा होते. बढती थांबते. खटला चालू असताना निवृत्त झाला तर तात्पुरत्या निवृत्तिवेतनावर राहावे लागते आणि उपदान अडकते. निलंबनाबाबत अजयकुमार चौधरी प्रकरणात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ३ महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन त्यापुढे चालू ठेवू नये.

म्हणून जलद खटल्याची मागणी करताना आपण एकाच बाजूने बोलू नये. दोषी अधिकाऱ्याला लवकर शिक्षा आणि निर्दोष कर्मचाऱ्याची लवकर सुटका, या दोन्ही गोष्टी अनुच्छेद २१ मध्येच आहेत. अंतुले प्रकरणात घाईने केलेली कार्यवाही टिकली नाही, हेही विसरू नये. आपल्याला वेगवान न्याय हवा आहे आणि तो अपिलात टिकणाराही हवा आहे.

बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लिहिलेल्या संविधानाने आपल्याला न्यायालयात जाण्याचा हक्क दिला. तो वापरायचा तर मोर्चाच्या दिवशी जितके लोक जमतात, त्यांपैकी दोन-चार जणांनी तरी प्रत्येक तारखेला न्यायालयात हजर राहायला हवे. आपल्या तालुक्यात लोकसेवकांविरुद्ध असे किती खटले प्रलंबित आहेत, त्यांची यादी प्रत्येक शाखेने या महिन्यात तयार करावी, असे आमचे आवाहन आहे.

जय भीम.